धूर आणि अग्नि : हृदयाच्या रोहिणींतील दाहाची कथा

गेल्या सत्रांत शरीरविज्ञानाच्या तासाला हृदयाचा पाठ चालू असतां दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें उभें राहून एक प्रश्न विचारला. त्याच्या वडिलांस थोड्याच महिन्यांपूर्वीं हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. सुदैवानें ते बरे होऊन घरीं परत आले होते. तो म्हणाला, "सर, बाबांच्या रक्तांत चरबी फारशी नव्हती, असें तपासणींत निघालें होतें. बाबा स्थूलही नाहींत. मग त्यांची रक्तवाहिनी तुंबली ती कशानें?" वर्ग एकदम शांत झाला. पुस्तकी उत्तर माझ्या जिभेवर होतें : रक्तांतील चरबी नळीला आंतून चिकटते, नळी अरुंद होत जाते आणि एके दिवशीं बंद पडते. परंतु त्या मुलाच्या प्रश्नापुढें तें उत्तर अपुरें आहे, हें मला तत्क्षणीं कळून चुकलें. "उत्तर देण्यास मला थोडे दिवस लागतील," एवढेंच मीं त्यास सांगितलें. प्रस्तुत लेख म्हणजे तें उत्तर होय. तें एका मुलापुरतें न राहतां सर्व विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या हातीं पडावें, म्हणून येथें देत आहें.

रोहिणी ही निर्जीव नळी नव्हे

प्रथम ज्या अवयवाविषयीं बोलावयाचें त्याची थोडी ओळख करून घेऊं. आपलें हृदय सुमारें आपल्या मुठीएवढें असतें, आणि दिवसाकाठीं तें अदमासें एक लक्ष वेळां आकुंचन पावतें. त्याच्या चार कप्प्यांतून अहोरात्र रक्त वाहत असतें. पण त्या रक्तावर त्याच्या जाड स्नायूचें पोषण होत नाहीं. गांवभर पाणी पोंचविणाऱ्या पखालवाल्यासही स्वतःची तहान भागविण्यासाठीं ओंजळ वेगळी भरून घ्यावी लागते, तशांतलाच हा प्रकार आहे. हृदयापासून रक्त दूर नेणाऱ्या वाहिनीस रोहिणी म्हणतात, हें विद्यार्थी जाणतातच. महारोहिणी हृदयांतून जेथें निघते, तेथें अगदीं मुळाशींच तिला उजवी व डावी अशा दोन लहान रोहिण्या फुटतात, आणि त्यांच्या शाखा हृदयाला बाहेरून वेढून त्याच्या स्नायूंत शिरतात. यांस हृद्रोहिण्या असें नांव आहे. मुळाशीं त्यांची रुंदी गव्हाच्या काडीएवढी, म्हणजे तीन-चार मिलिमीटर असते. त्यांतील एखाद्या शाखेचा प्रवाह अकस्मात् बंद पडला, तर तिच्यावर अवलंबून असलेला स्नायु अर्ध्यापाऊण तासांतच मरूं लागतो. यासच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतों.

रोहिणीचें जें चित्र पुष्कळांच्या मनांत असतें तें पाण्याच्या लोखंडी नळासारखें असतें. नळांत क्षार सांचावे, तशी रोहिणींत चरबी सांचते, अशी समजूत आहे. हें चित्र सोपें आहे, पण दिशाभूल करणारें आहे. रोहिणीची भिंत जिवंत आहे. ती तीन थरांची असून सर्वांत आंतील बाजूस केवळ एका पेशीच्या जाडीचें, अत्यंत गुळगुळीत असें अस्तर असतें. हें अस्तर निरोगी असेपर्यंत रक्तांतील कोणतीही पेशी त्यास चिकटत नाहीं. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, हें निसरडें अस्तर चिकट होतें तरी केव्हां? जो विकार आपल्याला अभ्यासावयाचा आहे त्याचें मर्म चरबीइतकेंच या अस्तराच्या वर्तनांत आहे.

दाह म्हणजे काय

अनवाणी चालतांना पायांत बाभळीचा कांटा मोडला, असें समजा. थोड्याच वेळांत ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकूं लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन ग्रंथकार सेल्सस यानें हींच चार लक्षणें नमूद करून ठेविलीं आहेत. आपल्याकडे या अवस्थेस दाह म्हणतात; युरोपीय भाषांतील शब्दाचाही मूळ अर्थ पेट घेणें असाच आहे. परंतु हा अग्नि शत्रूनें लावलेला नसतो. तो आपल्याच शरीरानें संरक्षणार्थ पेटविलेला असतो. कांटा रुतलेल्या जागेंतील पेशी कांहीं विशिष्ट प्रथिनें रक्तांत सोडतात. हीं प्रथिनें म्हणजे शरीराचे जासूद होत. त्यांचा निरोप पोंचतांच रक्तांतील पांढऱ्या पेशी त्या जागीं धांवून येतात, जंतूंना गिळतात, मेलेल्या पेशींचा निचरा करतात, आणि काम संपलें म्हणजे अग्नि आपोआप शमतो.

याप्रमाणें दाह हा आपला रक्षक आहे. मात्र एक अट आहे : कांटा निघाला पाहिजे. तो आंतच राहिला तर दाह विझत नाहीं. राखेखालील निखाऱ्यासारखा तो महिनोन्महिने धुमसत राहतो, आणि मग ज्या घराचें रक्षण करावयाचें त्याच घराच्या वाशांना त्याची धग लागूं लागते. रोहिणीच्या भिंतींत नेमकें हेंच घडतें.

दोन पक्ष

या विकाराचें शास्त्रीय नांव लाइप्झिग येथील फेलिक्स मार्शां यांनीं १९०४ सालीं रूढ केलें. त्याचा पूर्वार्ध ग्रीक भाषेंतील पेज किंवा लापशी या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे, आणि उत्तरार्धाचा अर्थ काठिण्य असा आहे. रोगट रोहिणी उभी चिरली असतां तिच्या भिंतींत वरून कठीण आणि आंत लापशीसारखा पिवळट पदार्थ भरलेला उंचवटा आढळतो, म्हणून हें नांव. आपण त्या उंचवट्यास लेप म्हणूं आणि विकारास रोहिणी-विलेपन म्हणूं.

हा लेप कशानें होतो याविषयीं एकोणिसाव्या शतकापासून दोन पक्ष होते. बर्लिनचे थोर विकृतिशास्त्रज्ञ रूडॉल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनीं त्या शतकाच्या मध्यासच प्रतिपादन केलें कीं, रोहिणीच्या भिंतींतील हा फेरफार मूलतः दाहच आहे. व्हिएन्नाचे कार्ल रोकिटान्स्की यांस तें मान्य नव्हतें. रक्तांतील द्रव्यें भिंतीवर सांचतात आणि दाह हा मागाहून येणारा परिणाम आहे, असें त्यांचें मत होतें. पुढें १९१३ सालीं रशियांतील निकोलाय अनिचकोव्ह यांनीं सशांना तेलांत विरघळविलेलें शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊं घातलें, तेव्हां त्यांच्या रोहिण्यांत हुबेहूब तसेच लेप तयार झाले. प्रयोग निर्णायक होता. तेव्हांपासून चरबीचा पक्ष प्रबळ झाला, आणि फिरखोंचा दाहपक्ष कित्येक दशकें मागें पडला.

वस्तुतः दोन्ही पक्षांत सत्यांश होता. रक्तांतील कोलेस्टेरॉल हें सुटें फिरत नाहीं. तें प्रथिनांच्या वेष्टणांत बांधलेल्या सूक्ष्म कणांतून प्रवास करतें. यांतील हलक्या घनतेचे कण आंतील अस्तरापलीकडे भिंतींत शिरतात, तेथें अडकून पडतात व प्राणवायूच्या क्रियेनें बिघडतात. हाच तो कांटा होय. २०१० सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, लेपांत तयार होणारे कोलेस्टेरॉलचे सूक्ष्म स्फटिक पांढऱ्या पेशींच्या आंत जाऊन त्यांची दाह चेतविणारी यंत्रणा चालू करूं शकतात. म्हणजे अनिचकोव्हांनीं कांटा दाखविला आणि फिरखोंनीं त्या कांट्यानें उठलेला ठणका ओळखला.

प्रथिनांची साखळी

आतां भिंतींत काय घडतें तें क्रमानें पाहूं. बिघडलेल्या कणांनीं डिवचलेलें अस्तर आपला गुळगुळीतपणा टाकून आपल्या पृष्ठभागावर चिकट प्रथिनें उभीं करतें. वाहत्या रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांस अडकतात. दुसरें एक प्रथिन त्यांस हांक मारून भिंतीच्या आंत ओढून घेतें. आंत गेल्यावर त्यांचें रूपांतर मोठ्या भक्षक पेशींत होतें; त्या बिघडलेले चरबीचे कण अधाशाप्रमाणें गिळूं लागतात, आणि शेवटीं सूक्ष्मदर्शकाखालीं त्या साबणाच्या फेंसासारख्या दिसूं लागतात. म्हणून त्यांस फेनपेशी म्हणतात. पोट फुटेपर्यंत खाऊन त्या मरतात, आणि त्यांच्या अवशेषांनीं लेपाचा गाभा वाढत जातो.

पण मरण्यापूर्वीं त्या स्वस्थ बसत नाहींत. त्या इंटरल्यूकिन नांवाचीं प्रथिनें बाहेर सोडतात. या शब्दाचा अर्थच मुळीं पांढऱ्या पेशींमधील निरोप्या असा आहे. यांचे अनेक प्रकार असून त्यांस अनुक्रमांक दिलेले आहेत. आपल्या कथेंत दोन महत्त्वाचे : पहिला इंटरल्यूकिन-१, जो आग लागल्याची पहिली हाळी देतो, आणि दुसरा इंटरल्यूकिन-६, जो ती बातमी दूर यकृतापर्यंत पोंचवितो. हाळी ऐकून आणखी पांढऱ्या पेशी येतात, त्या आणखी निरोपे धाडतात, आणि अग्नीला अग्नि लागत जातो.

या अग्नीचा खरा घात पुढेंच आहे. लेपावर तंतूंचें एक घट्ट आच्छादन असतें. तें शाबूत आहे तोंवर आंतील लापशी रक्तापासून अलग राहते. दाहाच्या भरांत भक्षक पेशी असे पाचक द्रव उत्पन्न करतात कीं, ते या आच्छादनाचे तंतु कुरतडूं लागतात. आणि त्याच वेळीं दुसऱ्या कांहीं पेशींचीं प्रथिनें नवे तंतु विणण्याचें काम थांबवितात. एकीकडून झीज आणि दुसरीकडे दुरुस्ती बंद, अशा स्थितींत आच्छादन एखाद्या दिवशीं फाटतें. आंतील द्रव्याचा रक्ताशीं संबंध येतांच रक्त तेथें गोठतें आणि त्या गुठळीनें कांहीं मिनिटांतच रोहिणी बंद होऊं शकते.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. झटका येण्यासाठीं रोहिणी आधींपासून फार अरुंद झालेली असलीच पाहिजे असें नाहीं. लहानसा, पण धुमसणारा लेप हा मोठ्या परंतु शांत लेपापेक्षां अधिक घातक ठरूं शकतो. काल जिना सहज चढणारा मनुष्य आज एकाएकीं कां कोसळतो, याचा उलगडा येथें होतो.

हा विकार वार्धक्याचा आहे, असें समजून विद्यार्थ्यांनीं हें पान उलटूं नये. कोरियाच्या युद्धांत मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांचें सरासरी वय २२ होतें. तरी त्यांतील शेंकडा ७७ जणांच्या हृद्रोहिण्यांत या विकाराच्या कमीअधिक खुणा आढळल्या. लेपाची पेरणी तारुण्यांत होते. पीक मात्र उतारवयांत हातीं येतें.

पर्वतावरील धूर

भिंतींत खोल धुमसणारा हा अग्नि बाहेरून दिसावयाचा कसा? आपल्या तर्कशास्त्रांत एक उदाहरण प्रसिद्ध आहे. दूरच्या पर्वतावर अग्नि दिसत नाहीं, पण धूर दिसतो. आणि जेथें धूर तेथें अग्नि, हें स्वयंपाकघरांत पाहिलेलें असल्यानें आपण पर्वतावरील अग्नीचें अनुमान करतों. रोहिणींतील अग्नीलाही असाच एक धूर आहे.

त्याचा शोध हृदयरोगाच्या संबंधांत लागला नाहीं. १९३० सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयांत विल्यम टिलेट आणि टॉमस फ्रान्सिस हे दोघे डॉक्टर फुफ्फुसदाहाच्या रोग्यांचें रक्त तपासीत होते. त्या रोगाच्या जंतूपासून काढलेल्या 'सी' नांवाच्या द्रव्यांत रोग्याच्या रक्तांतील निवळ मिसळली कीं सांका बसे. रोगी बरा झाला कीं सांका बसणें थांबे. आणि निरोगी माणसाच्या रक्तानें तो बसतच नसे. सांका बसविणारें तें द्रव्य म्हणजे एक प्रथिन आहे, हें ऑस्वल्ड एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४१ मध्यें दाखविलें. 'सी' या द्रव्याशीं प्रतिक्रिया करणारें म्हणून त्याचें नांव सी-प्रतिक्रियाशील प्रथिन, संक्षेपानें सी.आर.पी., असें पडलें.

हें प्रथिन यकृतांत तयार होतें, आणि तें तयार करण्याची मुख्य आज्ञा इंटरल्यूकिन-६ कडून येते. एकसारखे पांच घटक कडें करून उभे राहावे, तशी त्याची रचना असते. जंतुदोष झाला कीं कांहीं तासांतच तें वाढूं लागतें आणि दोनएक दिवसांत शेंकडों पट, प्रसंगीं हजार पटही होतें. आज्ञा थांबली कीं रक्तांतील त्याचें प्रमाण सुमारें १९ तासांत निम्म्यावर येतें.

धुमसत्या रोहिणीपासून उठणारा धूर मात्र फार विरळ असतो. तो मोजण्याइतक्या सूक्ष्म चाचण्या निघाल्यावर बोस्टन येथील पॉल रिडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. २२,००० हून अधिक अमेरिकन डॉक्टर एका दीर्घ अभ्यासांत सामील झाले होते, आणि ते निरोगी असतांनाच त्यांचें रक्त काढून गोठवून ठेविलेलें होतें. पुढें ज्यांना झटका, पक्षाघात किंवा नीलेंतील गुठळी झाली अशा ५४३ जणांचें तें जुनें रक्त तितक्याच निरोगी राहिलेल्यांच्या रक्ताशीं ताडून पाहिलें. ज्यांचें सी.आर.पी. वरच्या चतुर्थांशांत होतें त्यांस तळच्या चतुर्थांशापेक्षां हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारें तिप्पट होता. विशेष हें कीं, अॅस्पिरिन या दाहशामक औषधानें वरच्या गटांतील धोका शेंकडा ५६ नें घटला, तर तळच्या गटांतील केवळ १४ नें.

धूर कीं अग्नि

येथें विचारी विद्यार्थ्यानें थांबून एक शंका घ्यावी. धूर आणि अग्नि एकत्र दिसतात म्हणून धूर हाच अग्नीचें कारण आहे, असें कोणी म्हणेल काय? मग सी.आर.पी. हें रोहिणीला इजा करतें, कीं केवळ इजेची बातमी देतें?

याचा निवाडा मोठ्या युक्तीनें झाला. आईबापांकडून मुलास कोणतीं जनुकें मिळावीं ही जणुं निसर्गानें काढलेली सोडत असते. कांहीं माणसांस जन्मतः अशीं जनुकें मिळतात कीं, त्यांच्या रक्तांत सी.आर.पी. आयुष्यभर थोडें अधिक राहतें. तें प्रथिन जर अपराधी असेल, तर या माणसांस हृदयविकार अधिक झाला पाहिजे. २००८ सालीं कोपनहेगन येथें आणि २०११ सालीं अनेक देशांच्या एकत्रित पाहणींत तपास झाला, तेव्हां तसें आढळलें नाहीं. सी.आर.पी. निर्दोष ठरलें, तें केवळ धूर होतें. परंतु २०१२ सालीं हीच युक्ति इंटरल्यूकिन-६ च्या बाबतींत योजिली असतां उलट दिसलें. ज्यांच्या पेशी जन्मतःच त्याचा निरोप कमी ऐकतात त्यांस हृद्रोहिणींचा विकार कमी होतो. अग्नि त्या साखळींत वरच्या बाजूस होता.

अग्नि विझवितां येईल काय

२००८ सालीं ज्युपिटर नांवाच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १७,८०२ माणसें निवडलीं. त्यांचें घातक कोलेस्टेरॉल फारसें वाढलेलें नव्हतें, पण सी.आर.पी. दर लिटरला २ मिलिग्रॅम किंवा अधिक होतें. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडून एकास स्टॅटिन जातीचें औषध व दुसऱ्यास निव्वळ दिखाऊ गोळी दिली. औषधाच्या गटांत झटके, पक्षाघात इत्यादि शेंकडा ४४ नें कमी झाले. तथापि हें औषध कोलेस्टेरॉल व दाह दोन्ही कमी करतें. तेव्हां यश कोणाचें, हा वाद शिल्लक राहिला.

तो वाद २०१७ सालच्या कॅन्टॉस या प्रयोगानें मिटविला. एकदां झटका येऊन गेलेल्या आणि सी.आर.पी. वाढलेल्या १०,०६१ रोग्यांपैकीं कांहींस केवळ इंटरल्यूकिन-१ ची हाळी बंद करणारें औषध दर तीन महिन्यांनीं टोचलें. त्यानें कोलेस्टेरॉल तिळमात्र उतरलें नाहीं. तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेनें पुन्हां येणारे आघात शेंकडा १५ नें घटले. फिरखोंचा पक्ष सुमारें १६० वर्षांनीं माणसांवरील प्रयोगानें सिद्ध झाला. पण त्याची किंमतही दिसून आली : जंतुदोषानें मरण पावणाऱ्यांची संख्या औषधाच्या गटांत वाढली, आणि एकूण मृत्यूंच्या संख्येंत लक्षांत घेण्याजोगा फरक पडला नाहीं. रक्षकाचें शस्त्र काढून घेतल्यावर चोरांचें फावणारच!

शिवाय दाह शमविणारें प्रत्येक औषध हृदयाला हितकर असतें, असें मुळींच नाहीं. मेथोट्रेक्सेट या औषधाचा ४,७८६ रोग्यांवर झालेला प्रयोग २०१८ सालीं निष्फळ ठरला, कारण त्यानें वरील साखळींतील प्रथिनें कमी झालींच नाहींत. आणि सांधेदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या, अॅस्पिरिनखेरीज इतर वेदनाशामक गोळ्या दाह कमी करीत असूनही हृदयविकाराचा धोका वाढवूं शकतात. हें पालकांनीं अवश्य लक्षांत ठेवावें.

या संशोधनाचा एक धागा आपल्या रानापर्यंत येऊन पोंचतो. पावसाळ्यांत कोंकणांत व सह्याद्रीच्या कुशींत कुंपणांवर चढलेली कळलावी पुष्कळांनीं पाहिली असेल. तिच्या लाल-पिवळ्या पाकळ्या ज्वाळेप्रमाणें वर उसळलेल्या असतात, म्हणून संस्कृतांत तिला अग्निशिखा म्हणतात. तिच्या कंदांत व बियांत कोल्चिसिन हें तीव्र विष असतें. याच द्रव्याची अर्ध्या मिलिग्रॅमची मात्रा, जी मात्रा संधिवाताच्या एका प्रकारांत पूर्वींपासून दिली जाते, हृदयरोग्यांवर योजून पाहिली. २०१९ च्या प्रयोगांत आघात शेंकडा २३ नें, व २०२० च्या प्रयोगांत शेंकडा ३१ नें घटले. २०२३ सालीं अमेरिकेंत या उपयोगास संमति मिळाली. मात्र २०२४ सालीं झटक्यानंतर लगेच हें औषध दिलेल्या ७,०६२ रोग्यांच्या मोठ्या प्रयोगांत लाभ दिसून आला नाहीं. शास्त्राचा निर्णय असा पुढेंमागें होत असतो, आणि त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. एवढें मात्र खरें कीं, कळलावीचा कंद पोटांत गेल्यानें माणसें दगावलीं आहेत. तेव्हां या फुलाकडे दुरूनच पाहावें.

घरांतील माणसांसाठीं

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. "बाबांच्या रक्तांत चरबी फारशी नव्हती, मग असें कां झालें?" बाळ, तुझ्या वडिलांच्या बाबतींत नेमकें काय घडलें, तें त्यांचे डॉक्टरच सांगूं शकतील. परंतु इतकें निश्चित कीं, तपासणी खोटी नव्हती. ती अर्धीच होती. तिनें कांटे मोजले, आग मोजली नाहीं. सर्वसाधारण प्रमाणांतील चरबीही वर्षानुवर्षें भिंतींत शिरत राहते, आणि तिला दाहाची जोड मिळाली म्हणजे आच्छादन फाटूं शकतें.

या दाहाला इंधन कोण पुरवितें? तंबाखूचा धूर, चढलेला रक्तदाब, मधुमेह, आणि पोटांत सांचलेला मेद. हा मेद म्हणजे नुसती सांठवण नव्हे. तो स्वतः इंटरल्यूकिन-६ निर्माण करतो. हातपाय बारीक व पोट तेवढें सुटलेलें, अशी देहयष्टि आपल्या देशांत सामान्य आहे, म्हणून 'मी स्थूल नाहीं' या समाधानावर विसंबूं नये. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या पाहणीनें २००४ सालीं दाखविलें कीं, पहिल्या झटक्याच्या धोक्याचा सुमारें शेंकडा ९० भाग नऊ अशा गोष्टींनीं ठरतो कीं ज्या बहुतांशीं बदलतां येतात. त्याच पाहणींत दक्षिण आशियांतील लोकांस पहिला झटका मध्यमानानें ५३ व्या वर्षीं, तर इतरत्र सुमारें ५९ व्या वर्षीं आल्याचें आढळलें. तीं सहा वर्षें म्हणजे एखाद्या मुलाचें शाळेंतून महाविद्यालयांत जाण्याचें वय होय. बापाची गरज तेव्हां किती असते, हें सांगणें नलगे.

सी.आर.पी.ची चाचणी प्रत्येकानें उठून करून घ्यावी, असा या लेखाचा आशय नाहीं. दर लिटरला १ मिलिग्रॅमहून कमी हें प्रमाण चांगलें, १ ते ३ मध्यम, आणि ३ हून अधिक धोक्याचें समजतात. पण १० च्या वर गेल्यास बहुधा दुसरीकडे कोठें तरी जंतुदोष असतो, आणि कांहीं आठवड्यांनीं पुन्हां तपासणें योग्य. शेजारच्या चुलीचा धूर पाहून आपल्या घराला आग लागली, असें समजण्यांत अर्थ नाहीं. पडसें, दुखरी दाढ, हिरड्यांची सूज यांनींही तें वाढतें. चाचणी करावी कीं नाहीं, व केल्यास तिचा अर्थ काय, हें डॉक्टरांनींच ठरवावें.

जें घरोघर करतां येण्यासारखें आहे तें साधें आहे. तंबाखू, विडी, सिगारेट सोडणें. रोज पायीं चालणें. भाजी, फळें, डाळी यांस ताटांत अधिक जागा देणें. रक्तदाब व साखर वेळेवर तपासणें. आणि डॉक्टरांनीं दिलेलीं औषधें बरें वाटूं लागलें म्हणून मनानें बंद न करणें. छातीवर दाब आल्यासारखें वाटून तो हात, मान किंवा जबडा यांकडे पसरूं लागला व दरदरून घाम सुटला, तर 'पित्त असेल' म्हणून घरीं बसूं नये. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी व तात्काळ रुग्णालय गांठावें. स्नायु मरूं लागण्यास अर्धा-पाऊण तास पुरतो, हें आपण वर पाहिलेंच.

विद्यार्थिमित्रहो, आमच्या वर्गांतील त्या मुलाचे वडील आतां रोज सायंकाळीं फिरावयास जातात आणि मुलगा त्यांच्यासोबत असतो, असें त्यानें मला परवां सांगितलें. वडिलांना सोबत होते, आणि ज्याच्या रोहिण्यांत अद्याप फारसें कांहीं पेटलेलें नाहीं त्या मुलालाही ती वाट उपयोगीं पडते. तुम्हींही आज घरीं गेल्यावर आपल्या वडिलांस, काकांस किंवा आजोबांस हा लेख वाचून दाखवा आणि उद्यां त्यांचा हात धरून थोडें चालून या. अग्नि लहान आहे तोंवर तो विझविणें सोपें जातें.